'पाळी' म्हणजे 'फेरी' नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची ओळख करून देणारा लेख वाचून मनापासून आनंद झाला. टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे घेऊन खेळायच्या या खेळाबद्दल मराठी वृत्तपत्रात इतक्या आपुलकीने लिहिलेले मी प्रथमच पाहिले. मात्र लेखासोबतच्या चौकटीत एक चूक राहून गेली आहे. पात्रांच्या लढाईतील कौशल्यांची माहिती देताना तेथे म्हटले आहे की, रोग या वर्गाच्या पात्राला स्नीक अटॅक हा खास वार 'लपून, एका फेरीत एकदाच' करता येतो. मूळ नियमात लपण्याची अट नाही आणि 'फेरी' हा शब्दही नाही. तेथे 'पाळी' आहे. आमच्या घरात नेमक्या याच शब्दावरून गेले दोन रविवार वाद चालू आहे, आणि त्या वादात आपली चौकट पुरावा म्हणून टेबलावर ठेवली गेली, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. (रोग या इंग्रजी शब्दाचा उच्चार आपल्या आजारवाचक शब्दासारखाच होतो. त्याचा अर्थ भामटा असा असल्यामुळे या पत्रात मी त्या पात्राला भामटा म्हणेन.)

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी एवढे सांगायला हवे की, लढाई सुरू झाली की खेळातला काळ फेऱ्यांमध्ये मोजला जातो. एक फेरी, म्हणजे राउंड, ही खेळातल्या जगातील सुमारे सहा सेकंदांची असते. त्या फेरीत लढाईत उतरलेल्या प्रत्येकाची, मग तो खेळाडू असो की डाकू, एकेक पाळी येते आणि तिला टर्न म्हणतात. चार खेळाडू आणि तीन डाकू असतील तर एका फेरीत सात पाळ्या होतात. आपल्या पाळीत आपण चालतो, एक ॲक्शन करतो, काही वेळा बोनस ॲक्शनही करतो. याशिवाय प्रत्येकाजवळ एक रिॲक्शन असते, जी दुसऱ्याच्या पाळीतही वापरता येते. पण एकदा वापरली की आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत ती परत मिळत नाही. शत्रू आपल्या शस्त्राच्या टप्प्यातून निघून जाऊ लागला तर जाता जाता त्याच्यावर एक वार करण्याची जी संधी मिळते, ती या रिॲक्शनमधूनच. तिला अपॉर्च्युनिटी अटॅक असे नाव आहे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील भामट्याचा नियम मराठीत मांडायचा तर असा: पाळीत एकदा, ज्याला आपला वार लागला आहे अशा एका प्राण्याला, वाराच्या फाशावर ॲडव्हान्टेज (म्हणजे वीस पैलूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) असल्यास, जास्तीची इजा करता येते, वार फिनेस प्रकारच्या (ताकदीऐवजी चपळाईनेही चालवता येणाऱ्या) किंवा दुरून मारायच्या शस्त्राने केलेला असावा, आणि लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत असेल, तो हतबल झालेला नसेल आणि आपल्या फाशावर डिसॲडव्हान्टेज (म्हणजे दोनपैकी लहान आकडा घेण्याची सक्ती) नसेल, तर ॲडव्हान्टेजचीही गरज नाही. ही जास्तीची इजा पहिल्या पातळीवर सहा पैलूंच्या एका फाशाइतकी असते, पाचव्या पातळीवर तीन फाशांची होते आणि वाढत वाढत एकोणिसाव्या पातळीवर दहा फाशांपर्यंत जाते.

आता आमच्या टेबलावर काय झाले ते सांगते. माझा भाचा महाविद्यालयात शिकतो आणि आमच्या खेळाचा डंजन मास्टर (डीएम), म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, तोच आहे. माझी तेरा वर्षांची लेक पाचव्या पातळीची भामटी चालवते, शेजारचा मुलगा योद्धा चालवतो. त्या दिवशी डाकूंच्या म्होरक्याशी गाठ पडली होती. लेकीने स्वतःच्या पाळीत वार केला, तो लागला आणि स्नीक अटॅकची इजाही झाली. मग म्होरक्याची पाळी आली. तो दोघांच्या मधून निसटून पळू लागला. योद्ध्याची रिॲक्शन आधीच खर्ची पडली होती, पण लेकीची शिल्लक होती. तिने वीस पैलूंचा फासा टाकला, चौदा पडले, त्यात सात मिळवून एकवीस झाले; म्होरक्याचे कवच पंधराचे, म्हणजे वार लागला. रेपियरचा, म्हणजे तिच्या सडपातळ तलवारीचा, फासा टाकून तिने तीन लाल फासे मुठीत घेतले आणि ती टाकणार एवढ्यात भाचा म्हणाला, "थांब, या राउंडमध्ये तुझा स्नीक अटॅक झालाय. आणि तो तुला बघतोय ना? मग स्नीक कसला?" तिने फासे एकेक करून परत डबीत ठेवले. नुसत्या रेपियरची इजा सात झाली. म्होरक्याच्या अंगात बारा गुण उरले होते. पाच गुणांवर तो जंगलात पळाला आणि ज्या ओलीस गावकऱ्यांसाठी ही मुले तीन रविवार धडपडत होती त्यांचा ठावठिकाणा त्याच्याबरोबर गेला.

लेक रडली नाही. "दादा, पुस्तकात टर्न लिहिलंय," एवढेच ती दोनदा म्हणाली. पुढच्या रविवारी तिने पुस्तक उघडून ओळ दाखवली तेव्हा भाच्याने आपली चौकट दाखवली. मी नाशिकच्या न्यायालयात वकिली करते. शब्दांचे अर्थ लावणे हाच माझा रोजचा धंदा असल्यामुळे दोन्ही कागद माझ्यापुढे आले, आणि माझ्या मते लेकीचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे.

पहिला मुद्दा पाळी आणि फेरी यांचा. एकाच पुस्तकात दोन वेगळे शब्द दोन वेगळ्या व्याख्यांसह दिलेले असतील तर ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. कायद्याने 'तीस दिवस' म्हटले आणि आपण 'एक महिना' वाचले तर फेब्रुवारीत अशिलाचे नुकसान होते, तसाच हा प्रकार आहे. नियम 'पाळीत एकदा' म्हणतो, कोणाच्या पाळीत ते म्हणत नाही. म्हणून भामट्याने स्वतःच्या पाळीत एकदा हे कौशल्य वापरले आणि नंतर म्होरक्याच्या पाळीत रिॲक्शनने वार केला, तर ती वेगळी पाळी असल्यामुळे कौशल्य पुन्हा वापरता येते. हे शब्दच्छल करून काढलेले नाही, याचा पुरावा त्याच पुस्तकात आहे. क्लेरिक, म्हणजे पुरोहित, या वर्गातील डिव्हाइन स्ट्राइक या कौशल्याचा नियम 'तुमच्या प्रत्येक पाळीत एकदा' असा आहे. रचनाकारांना जेथे स्वतःच्या पाळीपुरते बंधन घालायचे होते तेथे त्यांनी 'तुमच्या' हा शब्द घातला. भामट्याच्या नियमात तो घातला नाही. त्यांनी अधिकृत प्रश्नोत्तरांतही हाच अर्थ सांगितला आहे, पण मला तो आधार दुय्यम वाटतो. मजकूर स्वतःहून एवढा स्पष्ट असताना कोणाकडे विचारायला जाण्याची गरजच पडू नये.

याहून बोलका पुरावा पुढच्या घडामोडींत मिळतो. नव्या आवृत्तीची तयारी चालू असताना २०२२ मध्ये जो प्रायोगिक मसुदा खेळाडूंपुढे ठेवला गेला, त्यात स्नीक अटॅक खरोखरच स्वतःच्या पाळीतल्या अटॅक ॲक्शनपुरता मर्यादित केलेला होता. म्हणजे भाच्याला जो नियम हवा आहे जवळपास तोच रचनाकारांनी लिहून पाहिला. मात्र २०२४ च्या छापील पुस्तकात पुन्हा 'पाळीत एकदा' हेच शब्द आले. एखादी तरतूद विधेयकात होती आणि संमत कायद्यात ती गाळली गेली, तर ती कायद्यात आहेच असे मानून निकाल कसा देता येईल?

दुसरा मुद्दा नावाचा. स्नीक म्हणजे चोरून, म्हणून भामटा लपलेलाच हवा, हा समज मी अनेक टेबलांवर ऐकला आहे. शाळेत आपण योगरूढ शब्द शिकतो. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेले, पण म्हणून चिखलातल्या बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. तो शब्द कमळासाठीच ठरलेला आहे. योगाद्रूढिर्बलीयसी, म्हणजे व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. खेळाच्या नियमांत ही रूढी व्याख्येने ठरते. व्याख्येत लपण्याची अट नाही. लपलेल्या भामट्याला ॲडव्हान्टेज मिळतो हे खरे, पण तो ॲडव्हान्टेज मिळण्याच्या अनेक वाटांपैकी एक आहे; आणि आपला योद्धा शत्रूला भिडलेला असेल तर ॲडव्हान्टेजही लागत नाही. शत्रूचे लक्ष दोन तलवारींमध्ये विभागले की भामट्याला नेमकी फट सापडते, हे त्या नियमामागचे चित्र आहे. म्होरक्या पळू लागला त्या क्षणी योद्धा त्याच्या अंगाशीच होता, आणि अपॉर्च्युनिटी अटॅक शत्रू टप्प्यातून बाहेर पडण्याच्या अगदी आधी घडतो, म्हणून पाच फुटांची अटही तेव्हा पूर्ण होत होती.

ही गफलत येते कोठून, याचा मी बराच विचार केला, आणि मला वाटते की ती जुन्या आवृत्त्यांमधून वारशाने आली आहे. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षीच्या पुरवणीत चोराचा वर्ग आला. त्या चोराचे कौशल्य पाठीत वार करण्याचे होते. मागून गाठले तरच ते चाले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत स्नीक अटॅक हे नाव रुळले, पण तेव्हा तो भुताप्रेतांवर आणि यंत्रमानवासारख्या घडवलेल्या प्राण्यांवर लागू होत नसे, कारण त्यांना मर्मस्थान नाही असे मानले जाई. २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या पुस्तकात तर स्पष्ट 'राउंडमध्ये एकदा' असेच छापलेले होते. पाचव्या आवृत्तीने हे तिन्ही निर्बंध काढून टाकले. आजही सांगाड्यावर स्नीक अटॅक चालत नाही असे ठासून सांगणारे डीएम भेटतात, ते खोटे बोलत नसतात. त्यांना रद्द झालेला कायदा पाठ असतो. आपल्या चौकटीच्या लेखकाच्या बाबतीतही असेच काही झाले असावे, म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

भाच्याने एक वेगळा आक्षेपही घेतला आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे: "मावशी, मग भामटी फारच भारी होत नाही का?" आम्ही कागद घेऊन हिशेब केला. पाचव्या पातळीवर तिचा वार लागला तर रेपियरच्या फाशाची सरासरी साडेचार, अंगच्या चपळाईचे चार आणि तीन फाशांची सरासरी साडेदहा, अशी एकूण एकोणीस इजा होते. योद्ध्याला त्याच पातळीवर एका ॲक्शनमध्ये दोन वार मिळतात. दोन हातांच्या मोठ्या तलवारीने प्रत्येकी सरासरी अकरा, म्हणजे दोन्ही लागले तर बावीस. म्हणजे स्वतःच्या पाळीत भामटी योद्ध्याच्या मागेच आहे. शिवाय तिचा एकच वार चुकला की सगळेच गेले. रिॲक्शनने मिळणारा जास्तीचा वार तिला रोज मिळत नाही. त्यासाठी शत्रूने तिच्या टप्प्यातून बाहेर पडावे लागते, तो तिला दिसावा लागतो, त्याने डिसएंगेजची, म्हणजे वाराची संधी न देता सावधपणे निघून जाण्याची, ॲक्शन घेतलेली नसावी लागते आणि तिच्या हातात जवळून मारायचे शस्त्र असावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाचव्या पातळीवर भामट्याला अनकॅनी डॉज मिळतो, ज्याने दिसणाऱ्या शत्रूच्या लागलेल्या वाराची इजा निम्मी करता येते, आणि तोही रिॲक्शनच खातो. म्हणजे लेकीने तो वार केला तेव्हा पुढच्या पाळीपर्यंतची आपली ढाल तिने खाली ठेवली होती. शेजारी अजून दोन डाकू उभे असताना तिने हा धोका समजून उमजून पत्करला होता. फासे परत डबीत गेले तेव्हा धोका तिच्याच माथी राहिला आणि त्याचा मोबदला तेवढा गेला, हे मला फार लागले.

मर्यादा कोठे आहे तेही सांगायला हवे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. दोन हातांत दोन शस्त्रे घेऊन भामट्याने एकाच पाळीत दोन वार केले आणि दोन्ही लागले, तरी जास्तीचे फासे एकदाच मिळतात; 'पाळीत एकदा' या शब्दांचे काम तेथे आहे. रिॲक्शन एकच असल्यामुळे सहसा एका फेरीत दोनदाच्या वर हे कौशल्य जाऊ शकत नाही. आणि लिखित शब्द जसा खेळाडूच्या बाजूने उभा राहतो तसा त्याच्या विरुद्धही उभा राहतो. महिन्याभरापूर्वी लेकीने पडलेल्या पहारेकऱ्याची गदा उचलून स्नीक अटॅकचे फासे घेतले होते. गदा फिनेस शस्त्र नाही, हे भाच्याने पुस्तकात दाखवले आणि तिने फासे मुकाट्याने ठेवले. त्या दिवशी तिने मानलेला नियम या दिवशी त्यानेही मानायला हवा होता.

डीएमला नियम बदलण्याचा अधिकार आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पुस्तकच तो देते. लढाई रंगात असताना दहा मिनिटे पाने उलटत बसण्यापेक्षा डीएमने झटपट निर्णय द्यावा आणि खेळ पुढे न्यावा, हेही योग्यच. पण अर्थ लावणे ही एक गोष्ट आणि दुरुस्ती करणे ही वेगळी गोष्ट आहे. लावलेला अर्थ चुकला असेल तर चूक कबूल करून ती निस्तरायची असते. दुरुस्ती करायची असेल तर ती आधी जाहीर करायची आणि पुढच्या डावापासून लागू करायची असते, कारण मुलांनी आपली पात्रे जुन्या मजकुरावर विसंबून उभी केलेली असतात. माझ्या लेकीने चौथ्या पातळीवर चपळाई वाढवली, दुरून बाण मारण्यापेक्षा रेपियर घेऊन शत्रूला भिडायचे ठरवले, ते याच एका ओळीच्या भरवशावर. 'आमच्या टेबलावर आजपासून राउंडमध्ये एकदाच' असे भाच्याने पहिल्या दिवशी म्हटले असते तर तिने कदाचित धनुष्य घेतले असते, आणि माझी काहीच हरकत नसती. ऐन वाराच्या वेळी, फासे हातात असताना, दुरुस्तीला अर्थाचे नाव देऊन ती लागू करणे मला मान्य नाही.

शब्दांची ही काळजी आता आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी का घ्यावी, त्याला आणखी एक कारण आहे. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला आणि २०२४ च्या नियमांवर आधारलेला संच २०२५ मध्ये. श्रेय दिले की त्याचे मराठी भाषांतर कोणीही करू शकतो, छापू शकतो. इंग्रजी सफाईने न वाचणाऱ्या मुलांपर्यंत हा खेळ पोहोचण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे, आणि तेव्हा त्यांच्या हाती येणारा नियम मराठीतच असेल. 'टर्न'ला एका पानावर 'पाळी', दुसऱ्यावर 'फेरी' आणि तिसऱ्यावर 'खेळी' म्हटले तर प्रत्येक घरात आमच्यासारखा रविवार उजाडेल. बारकावे आणखीही आहेत. २०१४ च्या नियमात 'लक्ष्याचा दुसरा शत्रू' जवळ असला तरी पुरे, म्हणजे डाकूवर स्वतःहून झडप घालणारा रानटी लांडगा, जो आपल्यालाही फाडून खाईल, तोही चालतो. २०२४ च्या नियमात तेथे 'तुमचा साथीदार' हवा. भाषांतरकाराने दोन्हींसाठी 'मित्र' लिहिले तर एक नियम कायमचा हरवेल.

म्हणून विनंती आहे की पुढील रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. तीत एवढे असले तरी पुरे: 'भामट्याचा स्नीक अटॅक कोणत्याही एका पाळीत एकदा वापरता येतो, मग ती पाळी स्वतःची असो की दुसऱ्याची, त्यासाठी लपलेले असण्याची अट नाही.' भाच्याने कबूल केले आहे की दुरुस्ती छापून आली तर म्होरक्याच्या पळण्याचा प्रसंग तेथूनच पुन्हा खेळायचा. लेकीने ते तीन लाल फासे तेव्हापासून वेगळे काढून ठेवले आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक